ठाण्याहून गाडी-ड्रायव्हरसकट नाशिक, वेरूळ, लोणार आणि मित्रमंडळी: ज्यांच्याकडून गाडी घेतली त्यांच्याबद्दल

पाचपाखाडीतल्या एका छोट्या ट्रॅव्हल्सवाल्यांकडून आम्ही ऑक्टोबरमध्ये अर्टिगा घेतली होती, ड्रायव्हरसकट. ठाणे, नाशिक, छत्रपती संभाजीनगर, मेहकर, लोणार आणि परत. त्याबद्दल सविस्तर लिहितेय कारण निघायच्या आधी मी अशी माहिती खूप शोधली आणि जिथे तिथे फक्त "गुड सर्व्हिस, नाइस ड्रायव्हर" एवढंच मिळालं, त्यावरून कोणाला काय कळणार. पाचपैकी साडेचार देईन, अर्धा का कापला ते पुढे येईलच. नाव आणि नंबर इथे टाकत नाहीये कारण मालकांनीच नको म्हटलं, स्वतःच्या मोजक्याच गाड्या आहेत आणि ओळखीतून येणारं कामच त्यांना पुरतं. पण कोणाकडूनही गाडी घ्या, काय विचारायचं ते यातून नक्की कळेल.

आधी ट्रिप कसली होती ते सांगते. आम्ही तिघं, मी, नवरा आणि सासूबाई. अर्धी ट्रिप बघायची आणि अर्धी भेटायची. नाशिकला माझी कॉलेजची मैत्रीण, संभाजीनगरला ठाण्याच्याच चेंदणी कोळीवाड्यातली लहानपणापासूनची मैत्रीण जी लग्नानंतर तिकडेच स्थायिक झाली, आणि मेहकरला सासूबाईंची शाळेतली मैत्रीण, दोघींनी सत्तरी केव्हाच ओलांडलीय आणि गेली कित्येक वर्षं फक्त फोनवर बोलतायत. अशा ट्रिपला गाडी ठरवणं वेगळं असतं हो. देवदर्शनाच्या किंवा नुसत्या साइटसीइंगच्या ट्रिपला ड्रायव्हरला माहीत असतं की इथे दोन तास, तिथे एक तास, मग जेवण, मग हॉटेल. मैत्रिणीच्या घरी गेल्यावर तसं काही नसतं, चहा प्यायला म्हणून गेलेलो आपण रात्रीचं जेवूनच उठतो. त्या वेळी खाली गाडीत बसलेला माणूस जर दर अर्ध्या तासाने फोन करायला लागला तर सगळी मजा जाते. किलोमीटरचे पैसे सगळेच घेतात, पण थांबण्याचं कसं करता ते आधी विचारा, माझं सगळ्यात महत्त्वाचं सांगणं हेच आहे.

आमची स्वतःची गाडी आहे पण छोटी, आणि नवऱ्याची पाठ एवढं ड्रायव्हिंग सहन करणार नाही. मागे एकदा एका अ‍ॅपवरून आउटस्टेशन गाडी घेतली होती तेव्हा वाटेतच ड्रायव्हर बदलला, नव्या माणसाला आमचा प्लॅनच माहीत नव्हता आणि प्रत्येक वळणावर "ये पॅकेज में नहीं है" ऐकावं लागलं. त्यामुळे या वेळी ठाण्यातलाच, समोर बसून बोलता येईल असा माणूस हवा होता.

बुकिंगला ऑफिसमध्ये गेलो तर मालकांनी रेट सांगायच्या आधी प्रश्न विचारले. कुठे कुठे घरी उतरणार आणि कुठे हॉटेलात, आजींना पुढच्या सीटवर बसवायचं का मधल्या, जिने चढायला जमतं का, वेरूळ कुठल्या वारी ठेवलंय. आम्ही वेरूळ मंगळवारी धरलं होतं. ते लगेच म्हणाले, मंगळवारी वेरूळच्या लेण्या बंद असतात आणि सोमवारी अजिंठा, तुम्ही सिन्नर आणि नांदूरमध्यमेश्वर आधी घ्या, वेरूळ बुधवारी आपोआप येतं. कागदावर लगेच सगळं पुढे-मागे करून दिलं. लांबून वेरूळला जाऊन बंद गेट बघून परत आलेली माणसं माझ्या ओळखीत आहेत, त्यामुळे या एका गोष्टीसाठीच मला ते आवडले.

आता पैशांचं. किलोमीटरला १५ रुपये, दिवसाला किमान ३०० किलोमीटर, ड्रायव्हर भत्ता रोजचा ५०० आणि टोल-पार्किंग वेगळं. हे ३०० चं गणित नीट समजून घ्या कारण भेटीगाठींच्या ट्रिपला इथेच पैसे जातात. तुम्ही एखाद्या दिवशी मैत्रिणीकडे बसलात आणि गाडी फक्त ४० किलोमीटर फिरली तरी ३०० चेच पैसे लागतात. पण बरेच जण हे रोजच्या रोज लावतात आणि काही जण सगळ्या दिवसांचं एकत्र धरतात, म्हणजे एकूण दिवस गुणिले ३०० आणि एकूण किलोमीटर यात जे जास्त ते. दुसऱ्या पद्धतीत शेवटच्या दिवशी मेहकरहून ठाण्याला यायचे जे चारशेच्या वर किलोमीटर होतात ते मधल्या कमी चाललेल्या दिवसांत भरून निघतात. यांनी स्वतःहून एकत्र हिशेब लावला आणि तसं व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून पाठवलं. तुम्ही पण लिहूनच घ्या, तोंडी ठेवू नका. मीटर गॅरेज टू गॅरेज धरतात, म्हणजे गाडी त्यांच्याकडून निघाल्यापासून परत पोचेपर्यंत, त्यामुळे गाडीवाला शक्यतो आपल्या घराजवळचा बघावा. आम्ही नौपाड्यात राहतो म्हणून काही फरक पडला नाही, पण ठाण्यात राहून बोरिवलीचा गाडीवाला केलात तर जाण्या-येण्याचं अंतर तुमच्याच खिशातून जाणार.

अजून एक, पाटी बघा. भाड्याच्या गाडीला पिवळ्या पाटीवर काळी अक्षरं असतात, सेल्फ ड्राइव्हला मिळते तिला काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं. पांढऱ्या पाटीची गाडी भाड्याने कोणी स्वस्तात देत असेल तर घेऊ नका, ती खाजगी पासिंगची असते, आणि वाटेत काही झालं तर इन्शुरन्सवाले भाड्याने दिली होती म्हणून हात वर करू शकतात. म्हातारी माणसं बरोबर असताना कशाला तो धोका. आमच्या गाडीचे इन्शुरन्स, परमिट, पीयूसी सगळे कागद ड्रायव्हरदादांनी न मागता दाखवले.

गाडी स्वच्छ होती, सीटना धुतलेली कव्हरं, आत त्या गोड उग्र परफ्यूमचा वास नव्हता ज्याने सासूबाईंना हमखास मळमळतं (हे मी सांगितलं होतं आणि त्यांनी लक्षात ठेवलं). अर्टिगा घेताना सीएनजी आहे का विचारून घ्या, टाकीमुळे मागची जागा बरीच जाते, आणि लांबच्या रस्त्यावर पंप शोधत लाइनीत थांबावं लागतं ते वेगळंच. आम्ही पेट्रोलवालीच मागितली कारण सामान भरपूर होतं. कपडे राहू देत, पण संभाजीनगरच्या मैत्रिणीसाठी सोडे, सुकट आणि बोंबील अशी सुकी मासळी न्यायची होती, समुद्रापासून तिनशे किलोमीटरवर राहणाऱ्या कोळीवाड्यातल्या मुलीला दुसरं काय न्यायचं? घट्ट झाकणाच्या डब्यात भरून, वर दोन पिशव्या बांधून नेलं. दादांना आधी विचारलं, चालेल ना, माळकरी वगैरे असतील तर अडचण नको. ते म्हणाले, ताई मी स्वतः सुकटाची चटणी भाकरीशी खातो, बिनधास्त ठेवा.

निघालो पहाटे पाचला. मालकांचीच सूचना होती, कारण माजिवड्यापासून खारेगाव, भिवंडी बायपास आणि पुढे वडपेपर्यंतचा पट्टा एकदा ट्रकांनी भरला की आमणे गाठेपर्यंतच जीव जातो. पहाटे अगदी सहज पार झालो. आमण्याला समृद्धी महामार्ग लागतो. इगतपुरी ते आमणे हा ७६ किलोमीटरचा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ ला सुरू झाला आणि नागपूरपर्यंतचा ७०१ किलोमीटरचा रस्ता पूर्ण झाला, ठाणेकरांना तर तो दारातच आल्यासारखा आहे. कसारा घाटाऐवजी आता जवळपास आठ किलोमीटरचा जुळा बोगदा आहे, आत शिरताना अंधार होता आणि इगतपुरीच्या बाजूला बाहेर पडलो तेव्हा उजाडलेलं, डोंगर अजून हिरवे, गवताचे शेंडे तेवढे पिवळे व्हायला लागलेले, सोनकी संपत आलेली पण कुठे कुठे उतारावर होती. सासूबाईंनी गाडी थांबवायला सांगितली, पण समृद्धीवर असं कुठेही थांबता येत नाही, दादांनी समजावून सांगितलं आणि इगतपुरीला खाली उतरल्यावर मात्र आठवणीने चांगली जागा बघून थांबवली.

गाडी ८० च्या वर जातच नाही हे तेव्हा लक्षात आलं. समृद्धीवर कारला १२० ची मर्यादा आहे आणि बाजूने सगळे झूम करून जात होते. नवऱ्याने विचारलं तर दादा म्हणाले, साहेब टुरिस्ट पासिंगच्या गाड्या ऐंशीला लॉक असतात, स्पीड गव्हर्नर असतो. खरंच, तसा नियमच आहे, आणि पिवळ्या पाटीची गाडी बुक करताना वेळेचा हिशेब त्याप्रमाणेच करा, गूगल मॅप दाखवतो त्यापेक्षा समृद्धीवर तास-दीड तास जास्त धरा. मला स्वतःला ते आवडलं. मागे म्हातारं माणूस शांत झोपलेलं आणि गाडी एका लयीत चाललेली. शिवाय सिमेंटच्या सरळ रस्त्यावर तासन्‌तास गेलं की ड्रायव्हरला गुंगी येते, रोड हिप्नोसिस म्हणतात त्याला, म्हणून दादा दर दोन तासांनी पंपावर थांबून तोंड धुऊन, चार पावलं चालूनच पुढे निघायचे, आम्ही म्हटलं चला चला तरी ऐकलं नाही. टायरमधली हवा रोज सकाळी निघायच्या आधी बघायचे. खायच्या सोयी त्या रस्त्यावर अंतराअंतराने आहेत, त्यामुळे डबा आणि पाणी बरोबर ठेवाच. टोल जेवढं अंतर तेवढाच, उतरताना फास्टॅगमधून कापला जातो, प्रत्येक वेळी दादा मेसेज दाखवायचे.

नाशिकला मैत्रिणीकडे दुपार, संध्याकाळ, रात्र कशी गेली कळलं नाही. त्याबद्दल लिहीत बसले तर रिव्ह्यू बाजूला राहील. पण ड्रायव्हरच्या झोपण्याबद्दल लिहायलाच हवं. आपण घरी गाद्या घालून झोपतो आणि गाडी चालवणारा माणूस खाली पार्किंगमध्ये सीट मागे करून, डास मारत, काचा अर्ध्या उघड्या ठेवून पडलेला असतो, आणि दुसऱ्या दिवशी त्याच्याच हातात आपल्या सगळ्यांचा जीव. मी हे बुकिंगच्या वेळीच विचारलं होतं. मालक म्हणाले, आमचे ड्रायव्हर गाडीत झोपत नाहीत, तुमच्या लोकांकडे सोय असेल तर बरंच, नसेल तर लॉजची खोली मी बघतो, भत्ता त्याचा त्यालाच राहतो. आणि तसंच केलं. नाशिकला मैत्रिणीच्या सोसायटीत क्लब हाउसची खोली मिळाली, संभाजीनगरला त्यांनी स्टेशनजवळ लॉज बघून दिलं, मेहकरला तर त्या आजींच्या घरी ओसरीवरच पलंग टाकून, पांघरूण देऊन, सकाळी आंघोळीला गरम पाणी काढून दिलं. रात्री दहानंतर गाडी चालवायची नाही हा त्यांचा नियम आहे, तो आम्हाला एकदाही मोडायला लागला नाही. चांगल्या सर्व्हिसची माझी व्याख्या यातच आली.

सिन्नरचं गोंदेश्वर बघितलं नसेल तर नाशिकला जाऊन काय केलंत असं विचारीन. यादवकाळातलं, साधारण बाराव्या शतकातलं, मधे महादेवाचं मोठं देऊळ आणि चार कोपऱ्यांत चार छोटी, पंचायतन म्हणतात ते. शिखरावर छोट्या छोट्या शिखरांच्या ओळी वर चढत जातात, सकाळच्या उन्हात तो दगड बघावा. गर्दी अजिबात नाही. सासूबाई नंदीसमोर बसून राहिल्या, आम्ही दोघं प्रदक्षिणा घालत बसलो. तिथून नांदूरमध्यमेश्वर, गोदावरी आणि कादवाच्या संगमावरचं पाणथळ, पक्षी खरे डिसेंबर-जानेवारीत बघावेत पण ऑक्टोबरमध्येही चापडगावच्या मनोऱ्यावरून बदकं, जांभळ्या पाणकोंबड्या आणि बगळे बघायला मिळाले. इथे मला एक गंमत कळली ती सांगते. महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, हे नांदूरमध्यमेश्वर, २०२० च्या सुरुवातीचं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये लोणार दुसरं. आणि २०२२ मध्ये तिसरं कुठलं, तर आपली ठाण्याची खाडी! म्हणजे आमच्या या एका ट्रिपच्या रस्त्यावर तिन्ही येत होती, ठाण्याची खाडी तर रोज कळव्याच्या पुलावरून ट्रेनमधून दिसते. हे कळल्यापासून खाडीकडे बघायची माझी नजरच बदललीय.

पुढे परत समृद्धीवरून माळीवाडा. तिथे उतरलं की दौलताबादचा किल्ला जवळच. दादांनी सांगितलं तसं किल्ला सकाळी आणि वेरूळ दुपारनंतर ठेवलं, कारण वेरूळच्या लेण्यांचं तोंड पश्चिमेला आहे, सकाळी आत सावली असते आणि दुपार कलली की ऊन थेट आत येतं. गाइड नाही, इतिहास शिकलेले नाहीत, पण वर्षानुवर्षं लोकांना घेऊन जाऊन त्यांना असं बारीकसारीक माहीत झालंय. किल्ल्यावर आम्ही दोघंच चढलो, चांद मिनार, खंदक, अंधारी (आतला काळोखा भुयारी रस्ता), आणि ऑक्टोबरचं ऊन एवढं की वर पोचेपर्यंत घामाच्या धारा. सासूबाई खाली राहिल्या आणि मला सारखी त्यांची काळजी. उतरून आलो तर दादांनी गाडी झाडाखाली लावलेली, काचा खाली, दोघंजण सीताफळं खात होते. दौलताबादच्या त्या रस्त्यावर या दिवसांत सीताफळं आणि पेरू विकायला बसलेले असतात, दादांनी डोळे उघडलेली, हाताला मऊ लागणारी फळं निवडून घेतलेली. आजींनी त्यांना लहानपणची मेहकरची सगळी हकिकत तोपर्यंत सांगून झालेली. "आई वर गेल्या नाहीत तर मी त्यांना एकटं सोडून चहाला जाईन का ताई," असं म्हणाले. यासाठी कुठल्या रेट कार्डवर ओळ नसते.

वेरूळ काय सांगायचं. ३४ लेण्या, १ ते १२ बौद्ध, १३ ते २९ हिंदू, ३० ते ३४ जैन. वेळ किंवा पाय कमी असतील तर फक्त १६ नंबरचं कैलास करा, ते गेटच्या अगदी समोर येतं, सासूबाई काठी घेऊन सावकाश आतपर्यंत आल्या. आठव्या शतकात राष्ट्रकूटांच्या पहिल्या कृष्णाच्या काळात डोंगर वरून खाली खोदत आणलेलं देऊळ, आधी कळस आणि शेवटी पाया, अंगणात उभं राहून वर बघितलं की हे माणसांनी छिन्नी-हातोड्याने केलंय यावर मन तयार होत नाही. उन्हाची तिरीप हत्तींवर आली तेव्हा आम्ही तिथेच होतो, दुपारचा सल्ला अगदी बरोबर निघाला. जैन लेण्या लांब आहेत, तिकडे न्यायला बस मिळते. घृष्णेश्वरही शेजारीच, अहिल्याबाई होळकरांनी जीर्णोद्धार केलेलं ज्योतिर्लिंग, संध्याकाळी दर्शन करून शहरात.

संभाजीनगरच्या मैत्रिणीकडे दुसऱ्या दिवशी दुपारच्या जेवणाला गेलो ते रात्रीच निघालो. सोड्यांचा डबा उघडल्यावर तिच्या डोळ्यांत पाणी. लगेच सोड्याची खिचडी टाकली, मग तिच्या नवऱ्याने आम्हाला शहरातला नान खलिया (नान आणि मटणाचा रस्सा) खायला नेलं, मग परत चहा, मग कोळीवाड्यातल्या कोणाचं काय झालं, कोण गेलं, कोणाची पोरं काय करतात. बिबी का मकबरा आणि पानचक्की बघायचं ठरलं होतं, मकबरा लांबून बघितला आणि पानचक्की राहिली, चालायचंच. या अख्ख्या वेळात दादांचा एक फोन आला नाही. मीच आठ वाजता खाली जाऊन विचारलं, उशीर होतोय का, तर म्हणाले, मी गाडी धुऊन घेतली, झोप काढली, जेवलो, तुम्ही निवांत या. मैत्रिणीच्या मुलाने त्यांना वर जेवायला बोलावलं होतं आणि ते आले, ताटावर आमच्याबरोबरच बसले. कोणाकडे ड्रायव्हरचं पान बाहेर वाढतात, ते मला पटत नाही, तुम्हीही तसं करू नका.

मेहकरकडे जाताना जालन्यानंतर सिंदखेड राजाला उतरलो. १२ जानेवारी १५९८ ला जिजाऊंचा जन्म झाला तो लखुजी जाधवांचा वाडा, आणि लखुजींची समाधी. दादा मूळचे पारनेर तालुक्यातले, या जागी यायची त्यांची स्वतःची इच्छा होती, म्हणून आमच्याबरोबर तेही आत आले आणि चपला काढून उंबरठ्याला हात लावला. बाहेर शेतांत सोयाबीनची काढणी चालू होती, काही ठिकाणी मात्र सप्टेंबरच्या पावसाने शेंगा काळ्या पडून उभंच राहिलेलं पीक दिसलं. दादा दोन मिनिटं गप्पच होते, घरी शेती आहे त्यांची. आमच्या एमएच ०४ च्या पाटीकडे बघून पानटपरीवाला विचारायला आला, ठाण्याचे का, माझा भाऊ कळव्याला असतो.

मेहकरला दोन आज्यांची भेट झाली. मला वाटलं होतं रडतील, पण त्या दारातच एकमेकींचे केस बघून हसायला लागल्या आणि मग जे बोलायला बसल्या ते दिवेलागणीपर्यंत. आम्ही दोघं मधल्या वेळात शारंगधर बालाजीला जाऊन आलो, अकरा फुटांच्या आसपास उंचीची काळ्या पाषाणातली विष्णूमूर्ती, १८८८ मध्ये जमिनीखाली सापडलेली, त्यावरचं बारीक कोरीवकाम बघायला जवळ उभं राहावं लागतं. लोणारला दुसऱ्या दिवशी सकाळी दोन्ही आज्यांना घेऊन गेलो, यासाठी सात सीटरचा उपयोग झाला. उल्केच्या आघाताने बेसॉल्टमध्ये झालेलं हे विवर आहे, १.८ किलोमीटर व्यासाचं, आणि आतलं पाणी खारं आणि अल्कधर्मी. जून २०२० मध्ये ते गुलाबी झालं होतं ते आठवत असेल, खारटपणा वाढल्यावर वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे. आम्ही गेलो तेव्हा गडद हिरवं होतं. आज्या वरच्या कठड्यापाशी बसल्या, नवरा आणि मी पायवाटेने खाली जाऊन आलो, आणि गावातलं दैत्यसूदनाचं देऊळ मात्र सगळ्यांनी बघितलं. ते अजिबात चुकवू नका, लोणारला येणारे सरोवर बघून परत फिरतात आणि गावातलं एवढं सुंदर देऊळ राहून जातं.

आता अर्धा का कापला. मागच्या बाजूचा एसी कमी पडत होता, ऑक्टोबर हीटमध्ये दुपारी तिसऱ्या ओळीत बसणाऱ्याचे हाल होतात, दोन्ही आज्या बरोबर होत्या तेव्हा मला ते जाणवलं. मोबाइल चार्जिंग फक्त पुढे. मालक रात्री नऊनंतर फोन घेत नाहीत, सकाळी करतात, काही तातडीचं असेल तर दुसरा नंबर द्यायला हवा. आणि बिलात पार्किंगची एकच गोळा रक्कम टाकलेली होती. विचारल्यावर तासाभरात सगळ्या पावत्यांचे फोटो आले आणि हिशेब बरोबर निघाला, पण ते आधीच पाठवायला काय हरकत होती. बाकी बिल ठरल्याप्रमाणेच, एक रुपया जास्त नाही, किलोमीटर एकत्र धरल्यामुळे शेवटच्या लांबच्या दिवसाचे वेगळे जास्त पडले नाहीत. ॲडव्हान्स थोडा, उरलेले परत आल्यावर यूपीआयने. दादांना आम्ही वेगळे दिले ते आमच्या मनाने, त्यांनी मागितले नाहीत.

दसरा ते दिवाळी या काळात गाडी पाहिजे असेल तर महिनाभर आधी सांगा, मे महिन्याइतकीच मागणी असते असं मालक म्हणाले. आणि गाडीबरोबर ड्रायव्हर कोण येणार तेही विचारा, शक्य असेल तर आदल्या दिवशी पाच मिनिटं बोलून घ्या. आम्ही आत्ताच जानेवारीसाठी नांदूरमध्यमेश्वरला पक्षी बघायला हीच गाडी आणि हेच दादा सांगून ठेवलेत, संक्रांतीला ते गावी जाणार आहेत म्हणून त्याच्या पुढचा आठवडा धरलाय, आणि नाशिकच्या मैत्रिणीने आतापासूनच सुट्टी टाकलीय.